हिरवा ठिपका

"पण चूक झाली हे मला कुणी कळवलंच नाही, तर त्यात माझा काय दोष, बाई?"

घैसास बाईंनी पुढची चिंच उचलली.

ओसरीवर बसून त्या चिंच सोलत होत्या. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके ताटलीत टाकायचे... फाल्गुनातली सकाळ होती. समोरून दगडी पायऱ्या उतरत गेल्या होत्या आणि खाली कृष्णा आणि वेण्णा एकमेकींत मिसळून संथ चालल्या होत्या.

विश्वजित बर्गे पुण्याहून थेट क्षेत्र माहुलीला आला होता. अकरा वर्षांनी. साताऱ्याच्या कॉलेजात त्याला संगणक शिकवला तो या बाईंनीच. आता त्याची स्वतःची कंपनी होती, हाताखाली अठरा माणसं होती, आणि कपाळावर न मावणारा एक आत्मविश्वास होता. तो आज जरा चुरगळला होता, एवढंच.

"तुला कळवलं नाही," बाई म्हणाल्या. "कुणी?"

"प्रोग्रामनं. म्हणजे... शेलनं. विंडोजनं. आता काय सांगू तुम्हाला!"

"सांग की. चिंच पुष्कळ आहे."

त्याने सांगितलं.

दहिवडीला माणगंगा ध्वनिसंग्रह नावाची एक लहानशी संस्था होती. माणदेशातल्या धनगरांनी गायलेल्या ओव्या तिथे जुन्या कॅसेटवर जपल्या होत्या. कॅसेटना बुरशी लागलेली. एकदा वाजवली की फीत तुटायचीच, अशी अवस्था. म्हणून ठरलं, एकेक कॅसेट शेवटची वाजवायची आणि संगणकात भरून घ्यायची. जूनपासून जानेवारीपर्यंत एकसष्ट कॅसेट भरल्या.

रोज दुपारी दोन वाजता या सगळ्याची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर जावी, अशी व्यवस्था विश्वजितने करून दिली होती. प्रोग्राम त्याने स्वतः लिहिलेला. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, कुठेही चालेल असा. नक्कल करताना काही बिघडलं तर तो संदेश पकडायचा आणि पुण्याला पाठवायचा. नाही बिघडलं तर विश्वजितच्या पडद्यावर दहिवडीच्या नावापुढे हिरवा ठिपका.

सात महिने ठिपका हिरवा होता.

जानेवारीत संगणकातली डिस्क जळाली. बाहेरची काळी डिस्क उघडून पाहिली, तर त्यात जूनपासूनचं काहीच नव्हतं.

"काहीच नाही?"

"एक फाइल नाही, बाई."

बाईंचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"गाणारी माणसं?"

"बरीच गेलेली. म्हाकूबाबा कोकरे म्हणून एक होते, नव्वदीचे. ते दिवाळीत गेले. त्यांच्या चार कॅसेट होत्या."



मग विश्वजितने बॅगेतून कागद काढला. संस्थेचे अध्यक्ष खरात अण्णा यांनी त्याच्याकडे अहवाल मागितला होता. चूक कुणाची, एवढंच त्यांना हवं होतं. अण्णांचा धाकटा भाऊ बाईंचा विद्यार्थी. अण्णा म्हणाले होते, घैसास बाईंनी सही केली तर आम्ही पुढे एक शब्द विचारणार नाही.

बाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि कागद वाचला. एकच पान होतं. 'प्रणालीने नियमानुसार काम केले. कोणत्याही स्वयंचलित प्रणालीस हा दोष टिपणे शक्य नव्हते. स्थानिक कर्मचाऱ्याकडून डिस्क हाताळताना निष्काळजीपणा झाल्याची शक्यता आहे.'

"हा स्थानिक कर्मचारी कोण?"

"शकीला आतार म्हणून एक बाई आहेत. कॅसेट लावायच्या, बटण दाबायचं, तेवढंच काम. वायर-बियर त्यांनीच काढली असणार."

"बघितलंस?"

"नाही. पण दुसरं कोण असणार?"

"त्या आता कुठं आहेत?"

"घरी. एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलंय त्यांना."

बाईंनी कागदाची घडी केली. सही केली नाही आणि परतही दिला नाही. मांडीवर ठेवून दिला.

"तुझा प्रोग्राम दाखव."

त्याने लॅपटॉप उघडला. सातशेवीस ओळी. त्याला आतून बरं वाटलं. या सातशेवीस ओळींचं त्याला फार कौतुक होतं. कंपनीतली पोरं त्यांना हात लावायला भ्यायची.

बाई एक्क्याऐंशीच्या होत्या. पण वाचू लागल्या तशा त्यांच्या ओठांची ती जुनी हालचाल सुरू झाली. ओळ न् ओळ, स्वतःशी, आवाज न करता...

विश्वजितला एकदम कॉलेजची संगणक-खोली आठवली.

चपला बाहेर काढाव्या लागायच्या. आत थंडगार. कोरेगावच्या घरी पंखासुद्धा एकच, आणि इथे यंत्रांसाठी वातानुकूलन! एका भिंतीला युनिक्सच्या मोठ्या यंत्राचे सात पडदे, काळ्यावर हिरवी अक्षरं. कोपऱ्यात एक दुसऱ्याच जातीचं यंत्र, त्याचं शेल निराळं, म्हणजे आज्ञा लिहायची भाषा निराळी. आणि समोर डॉसचे चार जुने संगणक, प्लास्टिकची आच्छादनं घातलेले, नव्या नवरीसारखे.

युनिक्सवर प्रोग्रामचं साधं बोलणं एका वाटेनं येई आणि तक्रार दुसऱ्या वाटेनं. तक्रारीची वाट वळवून फाइलमध्ये सोडता येई. कोपऱ्यातल्या यंत्रावर तक्रार एकटी वेगळी काढताच येत नसे, दोन्ही एकत्रच वळवावी लागत. डॉसवर तर तीही सोय नव्हती. तक्रार पडद्यावर यायची, वर सरकायची, गेली!

म्हणून बाईंनी एक जाडजूड वही ठेवली होती. ज्याला जो संदेश आला, त्याने तो त्या वहीत जसाच्या तसा उतरवायचा. अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामासकट. मगच बाईंना विचारायला यायचं.

"बाई, एरर आला," असं कुणी म्हटलं की बाई म्हणायच्या, "कोण आला? नाव काय त्याचं?"

विश्वजित तेव्हा सतरा वर्षांचा. मराठी शाळेतून आलेला, इंग्रजीची धास्ती घेतलेला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या पडद्यावर एक आडदांड इंग्रजी ओळ उमटली आणि त्याला वाटलं, यंत्र मोडलं. आता वडिलांना बोलावणार. तो घामाघूम होऊन उभा राहिला होता. बाई मागून आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि ती ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. गावाकडून आलेलं पत्र एखाद्याला वाचून दाखवावं, तशी.

"ते तुला रागावत नाहीये," त्या म्हणाल्या होत्या. "काय झालं ते सांगतंय. ऐकून तर घे."

अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. ती खोली आता नव्हती. तिथे कॉलेजचं कँटीन झालं होतं, असं त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"ही यादी कसली?" बाईंनी विचारलं.

तो भानावर आला.

"ते शब्द आहेत. संदेशात यातला एखादा सापडला की समजायचं, बिघडलंय. 'एरर', 'फेल्ड', 'डिनाइड'... एक्केचाळीस आहेत. मी वर्षानुवर्षं जमवलेत."

"आणि यातला एकही शब्द आलाच नाही?"

"आला असणार, बाई! तीच तर गंमत आहे." त्याचा आवाज चढला. "जूनमध्ये त्यांनी नवा संगणक घेतला. जुन्यावर विंडोजची आज्ञा लिहायची ती काळी खिडकी होती, नव्यावर निळी आली. दोघींची फाइल लिहायची रीत वेगळी. ही निळी प्रत्येक अक्षर दोन घरांत लिहिते. एका घरात अक्षर, पुढचं घर रिकामं. माझा प्रोग्राम 'एरर' शब्द सलग शोधत होता. शब्द तिथेच असणार, पण प्रत्येक अक्षरामागे एक पोकळी. म्हणून सापडला नाही."

"आणि आकडा? प्रोग्राम संपताना आकडा ठेवतो ना मागं? शून्य म्हणजे ठीक, दुसरा काही म्हणजे बिघाड."

"तो मी घेत होतो..."

"कुणाचा?"

विश्वजितने लॅपटॉपवरची ती ओळ पुन्हा वाचली.

नक्कल करणाऱ्या आज्ञेपुढे त्याने आणखी एक आज्ञा जोडली होती. मजकूर पडद्यावरही दिसावा आणि फाइलमध्येही पडावा म्हणून. शेवटचा आकडा यायचा तो त्या दुसरीचा. तिचं काम नुसतं लिहून घ्यायचं. ते ती रोज चोख करत होती. शून्य.

"आणि ती फाइल?"

"रोज नवी लिहिली जायची. जुनी पुसून. आज हातात एकही नाही."

"म्हणजे काय बिघडलं होतं, ते तुला अजून माहीत नाही."

"...नाही."

बाईंनी लॅपटॉप हळूच मिटला.

"बॅश नावाच्या शेलची रीत एक, सी-शेलची दुसरी, काळ्या खिडकीची तिसरी, निळीची चौथी," विश्वजित कळवळून म्हणाला. "मॅकवर आणखी पाचवी. एकाचं दुरुस्त करावं तर दुसरीकडे फुटतं. सगळीकडे खात्रीनं पकडायचं तरी कसं, बाई? तुम्हीच सांगा. आहे कुणाला शक्य?"

"तू हाक कुणाला मारतोस? नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, की शेलला?"

"शेलला. ते पुढं प्रोग्रामला मारतं."

"आणि प्रोग्राम काय म्हणाला, ते तुला कोण सांगतं?"

"शेलच..."

"प्रोग्रामला थेट हाक मारता येत नाही?"

"येते."

"त्याच्या दोन्ही वाटा वेगवेगळ्या धरता येत नाहीत? जे बाइट आले ते तसेच्या तसे, न वाचता, न चाळता?"

"येतात."

"आकडा त्याचाच घेता येतो?"

"हो."

"मग?"

विश्वजितने बरंच काही बोलायला तोंड उघडलं. शेलमधून लिहिलं की एका ओळीत काम होतं, सगळे असंच करतात...

"मधे कुणी ठेवू नकोस," बाई म्हणाल्या आणि पुन्हा सुपातल्या चिंचेकडे वळल्या.



"आणि विश्वजित, सात महिन्यांत तुला कुणीच काही बोललं नाही?"

"नाही म्हटलं ना, बाई..."

"प्रोग्रामचं नाही विचारत."

खाली घाटावर कुणीतरी घोंगडी धूत होतं. तिचे फटके पायऱ्यांवरून वर येत होते.

"...आला होता एक फोन," तो म्हणाला. "सप्टेंबरात. त्या शकीलाताईंचा. दोन वाजता पडद्यावर लाल काहीतरी येऊन जातं, म्हणाल्या."

"तू काय म्हणालास?"

त्याला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होतं. तो तेव्हा एका बैठकीत होता आणि समोर हिरवा ठिपका होता.

"म्हणालो, 'लाल काहीतरी' म्हणजे काय सांगणं झालं? काय आलं ते नीट सांगता येत असेल तर फोन करा."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही.

मांडीवरचा कागद त्यांनी उचलला आणि त्याच्या हातात दिला. तसाच, घडी केलेला. मग शेजारची चिंचेची परडी उचलून तीही त्याच्याकडे सरकवली.

"दहिवडीला जातोच आहेस, तर ही त्यांना दे. तिकडे चिंच कमी."

"मी दहिवडीला कुठं..."

पण बाई उठून आत गेल्या होत्या.

*

शकीला आतारचं घर बाजारपेठेच्या मागे होतं. पुढच्या खोलीत शिलाई यंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला परकर.

दारात विश्वजितला बघून ती उभीच राहिली. पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. या म्हणावं की नाही, हे तिला ठरवता येईना.

"या सर," अखेर ती म्हणाली. "अण्णांनी सही घ्यायला धाडलं असंल. कुठं करायची?"

"सही नको, ताई. मी... विचारायला आलोय."

परडी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. त्याने ती उंबऱ्याशी ठेवली.

"सप्टेंबरात तुम्ही फोन केला होता."

"केला हुता."

"तेव्हा काय दिसलं होतं तुम्हाला?"

शकीलाताईने त्याच्याकडे बघितलं. त्यात राग होता की नुसता थकवा, ते विश्वजितला सांगता आलं नसतं.

"तुम्ही म्हणला हुता, नीट सांगता येत असंल तर सांगा. मला इंग्रजी येत न्हाई, सर. शाळा नववीपतोर. अक्षरं येत्यात, वाचाय जमत न्हाई. आन् ते यायचं आन् जायचं. इजंसारखं."

ती आत गेली. मागच्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन आली आणि सप्टेंबरचं पान काढून तिने ते यंत्रावर पसरलं.

नऊ तारखेच्या चौकोनात मराठीत लिहिलं होतं: लाल.

दहा तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीने, एकेक अक्षर वेगळं काढून, इंग्रजीत एक शब्द होता. कॅनॉट.

अकरा तारखेला, फाइंड.

बाराला, ड्राइव्ह.

"रोज दोनला म्होरं बसायची," ती म्हणाली. "म्हनलं, सगळं एकदम कुठं गावतंय. येका दिशी येक शबूद. कालचा कुठवर आला ते ध्यानात ठिवायचं आन् त्याच्या फुडचा बघायचा. रविवारी न्हाई, सुट्टी असायची."

विश्वजितचं बोट चौकोनांवरून चालत राहिलं. त्याला वेळ लागत होता. तो ओठ हलवून वाचतोय, हे त्याच्या लक्षात आलं नाही. चोवीस तारखेपर्यंत पूर्ण वाक्य झालं होतं. ड्राइव्ह सापडत नाही. 'जी' नावाचा ड्राइव्ह अस्तित्वात नाही.

"जी?" तो पुटपुटला. "जी कसा? काळ्या डिस्कचं अक्षर तर ई आहे..."

"सर, मग मी दोनदा फोन केला. तुम्ही उचलला न्हाई. अण्णांना दावलं, तर ते म्हनले, पुण्याला हिरवं हाय ना, मग तू नगं डोकं चालवू."

"ताई, नऊ सप्टेंबरला तिथं काय झालं होतं? काही हललं? टेबल, वायर?"

तिने आठवून बघितलं.

"त्या दिशी शाळेचा कारेक्रम हुता म्हसवडला. अण्णांनी गाणी ऐकवायला न्हेली. ती राखाडी डबी काढून न्हेली, यंत्राची."

"राखाडी?"

"दोन हुत्या की. येक काळी, येक राखाडी. नवीन मशीन आलं तवापासनं दोन्ही लावल्याल्या."

विश्वजित यंत्राशेजारच्या स्टुलावर बसला.

जूनमध्ये नवा संगणक बसवला तेव्हा नक्कल काळीवर नाही, राखाडीवर जाऊ लागली होती. कुणी बघितलंच नव्हतं. नऊ सप्टेंबरला अण्णांनी राखाडी काढून नेली आणि त्या दुपारपासून प्रोग्राम रोज दोन वाजता सांगत होता, जिथं ठेवायला सांगितलंय ती जागाच इथं नाही. रोज. न चुकता.

"ती डबी परत आली?"

"न्हाई बगा. अण्णांच्याच घरी असंल."

शकीलाताईला बरोबर घेऊन तो तिकडे गेला. डबी अण्णांच्या घरीच होती. दिवाणखान्याच्या कपाटात, सत्काराच्या ट्रॉफ्यांमागे, हाराच्या सुकलेल्या फुलांत. विश्वजितने ती तिथेच, उभ्या उभ्या लॅपटॉपला लावली. अण्णा दारात उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

सत्तावीस कॅसेट निघाल्या. जूनपासून आठ सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या. पुढच्या चौतीस कुठेच नव्हत्या.

म्हाकूबाबांच्या तीन होत्या. चौथी नव्हती.

विश्वजितने पहिली लावली. ढोल, मग खोकला, मग कुणाला तरी 'सरक रं जरा' म्हणणं, आणि मग तो नव्वदीचा खडखडीत आवाज... अण्णा खाली बसले. शकीलाताई भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे पुसले नाहीत, नुसती मान डोलवत राहिली. या सगळ्या कॅसेट तिने एकटीने ऐकल्या होत्या. चौथीत काय होतं, हे आता जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी विश्वजितने दहिवडीच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून अहवाल नव्याने लिहिला. हातानेच. दोष त्याच्या प्रोग्रामचा होता, हे लिहिलं. सूचना मिळूनही त्याने ती टाळली, हेही लिहिलं. शकीला आतार यांनी संदेश अचूक नोंदवला, त्या नोंदीवरूनच सत्तावीस ध्वनिफिती परत मिळाल्या, हे लिहिताना त्याचं पेन दोनदा अडलं. सही स्वतःची केली.

कंपनीतली पोरं म्हणाली, सर, एवढं कशाला लिहायचं? आणि खरंच, त्या वर्षी दोन मोठी गिऱ्हाइकं सोडून गेली. शकीलाताई मात्र सोमवारी कामावर हजर झाली.

*

वैशाखात विश्वजित पुन्हा माहुलीला आला. या वेळी अकरा वर्षं लावली नाहीत.

बाई ओसरीवरच होत्या. गुडघा धरला होता, म्हणून पाय लांब करून बसलेल्या. त्याने वाकून नमस्कार केला, तशा म्हणाल्या, "ऊन लागलं का रे? पन्हं आहे माठाशेजारी. तूच घे, मला उठवू नकोस."

त्याने दोन पेले आणले. मग लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"चौसष्ट ओळी," तो म्हणाला. "शब्दांची यादी काढून टाकली. मधे शेल नाही. दोन्ही वाटा वेगळ्या, बाइट आले तसे ठेवतो, आकडा ज्याचा त्याचा. जुनी फाइल पुसत नाही. नक्कल झाल्यावर ती उघडून वाचता येते का, तेही बघतो. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चार आठवडे मुद्दाम बिघाड करून बघितले. डिस्क काढली, जागा भरून टाकली, परवानगी काढून घेतली. सगळे सापडले."

बाई वाचत होत्या. ओठ हलत होते.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

बाईंकडून 'बरं आहे' हे शब्द त्याने आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकले होते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्या आनंदात सायकल कॉलेजात विसरून कोरेगावची एसटी धरून घरी गेला होता. आठवून त्याला हसू आलं.

"फक्त एक आहे, बाई."

"काय?"

"शकीलाताई. त्यांना समजावून दमलो. प्रोग्राम आता सगळं कळवतो, तुम्हाला काही करायची गरज नाही. पण पडद्यावर काहीही आलं की त्या मला फोन करतात. घड्याळाची सूचना आली, फोन. प्रिंटरची शाई संपली, फोन. अक्षर न् अक्षर लावून सांगतात, दहा-दहा मिनिटं. दिवसाला तीन-तीन. शंभरातले नव्वद तर काहीच नसतात."

बाईंनी पन्ह्याचा घोट घेतला.

"त्यांना स्पष्ट सांगू का, की आता नका करू म्हणून? वाईट वाटायला नको, म्हणून विचारतोय..."

नदी आटून एका कडेला गेली होती. उघड्या पडलेल्या दगडांवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

मग त्या त्याच्याकडे वळल्या.

"फोन येतात ना पण अजून?"